बुद्धिबळाच्या पटावरील संख्या

श्रोतेहो, संख्यांविषयीं रेडिओवर बोलणें हें थोडें धाडसाचेंच काम आहे. मोठी संख्या डोळ्यांनीं पाहावी लागते. ती नुसती कानांनीं ऐकली, तर शेवटचा अंक येईपर्यंत पहिला अंक विसरून जातो. म्हणून आरंभींच माझी आपणांस विनंति आहे, कीं हाताशीं कागद-पेन्सिल असेल तर ती घेऊन बसावें. आज मला फक्त एकाच संख्येची हकीकत सांगावयाची आहे. पण त्या एका संख्येच्या पोटांत पुष्कळ देशांचा व पुष्कळ शतकांचा इतिहास दडलेला आहे.

गेल्या दिवाळीच्या सुटींत माझा दहा वर्षांचा भाचा आमच्याकडे राहावयास आला होता. त्याला मीं बुद्धिबळाच्या शोधाची जुनी गोष्ट सांगितली. राजा प्रसन्न होऊन शोधकाला म्हणतो, ‘हवें तें माग.’ तो म्हणतो, ‘महाराज, पटाच्या पहिल्या घरांत गव्हाचा एक दाणा ठेवावा, दुसऱ्यांत दोन, तिसऱ्यांत चार, असे प्रत्येक घरांत मागल्या घराच्या दुप्पट दाणे ठेवून चौसष्ट घरांचे मिळून जितके होतील तितके मला द्यावे.’ राजा हंसतो, कोठाऱ्याला बोलावतो, आणि थोड्याच वेळांत कोठाऱ्याचा चेहरा उतरतो. गोष्ट आपणां सर्वांच्या ऐकिवांतली आहे. पण मुलाला ती पटेना. त्यानें आईकडून ओंजळभर तांदूळ मागून घेतले आणि पटावर मांडावयास सुरुवात केली. पहिल्या ओळीच्या शेवटच्या घरांत १२८ दाणे झाले. बाराव्या घराचे २,०४८ दाणे मोजतां मोजतां दिवेलागण झाली, आणि तेराव्या घराला तांदूळ उरले नाहींत. डबा कांहीं त्याची आई देईना. तेव्हां तो माझ्याकडे आला व म्हणाला, ‘मामा, चौसष्टाव्या घरापर्यंत कुणी मोजून पाहिलें आहे का? आणि कुणीं मोजलेंच नसेल, तर मग तें खरें कशावरून?’

मीं त्या वेळीं कांहीं तरी उत्तर देऊन त्याची समजूत घातली. पण प्रश्न मोठा मार्मिक होता. न मोजतां एखादी गोष्ट खरी मानण्याचा अधिकार आपणांस केव्हां येतो, हाच तो प्रश्न. आणि याच संख्येच्या संबंधांत एका फार थोर गणितज्ञाची त्या प्रश्नानें फसगत केलेली आहे. ती हकीकत पुढें येईलच. आधीं संख्या ऐका.

चौसष्ट घरांतील दाण्यांची बेरीज १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१५ इतकी होते. हे वीस अंक झाले. आपल्याकडे भास्कराचार्यांनीं लीलावतींत एकं, दहं, शतं पासून जीं अठरा स्थानें दिलीं आहेत, त्यांतलें शेवटचें परार्ध. म्हणजे एकावर सतरा शून्यें. आपली संख्या त्याहूनहि दोन स्थानें पुढें जाते. तिच्यांत १८४ परार्ध सामावतात, आणि वर जें उरतें तेंहि पुनः परार्धाच्या निम्म्याच्या घरांत जातें. गव्हाचे पंचवीस दाणे एक ग्रॅम भरतात असें धरलें, तर एवढ्या दाण्यांचें वजन सुमारें ७३,७८७ कोटी टन होईल. सांप्रत साऱ्या पृथ्वीवर एका वर्षांत गव्हाचें पीक साधारण ८० कोटी टन निघतें. म्हणजे आजच्या जगानें आपलें सर्व पीक नऊशें वर्षें त्या शोधकाच्या दारांत ओतलें, तरी राजाचें ऋण फिटावयाचें नाहीं.

या गोष्टीचा नायक हिंदु, राजा हिंदुस्थानचा आणि खेळहि हिंदुस्थानांतून बाहेर गेलेला. परंतु गोष्टीचे जुने लिखित आधार मात्र अरबी ग्रंथांत सांपडतात. नवव्या शतकांतील अल्-याकूबी या इतिहासकारानें ती सांगितली आहे. पुढें तेराव्या शतकांत दमास्कसचा काजी व चरित्रकार इब्न खल्लिकान यानेंहि ती नोंदली. त्याच्या गोष्टींत शोधकाचें नांव सिस्सा आणि राजाचें शिहराम असें आहे. इब्न खल्लिकानचें कथन मला विशेष आवडतें, याचें कारण असें, कीं तोहि माझ्या भाच्यासारखाच संशयी होता. एवढी संख्या होईल हें आपणांस प्रथम खरें वाटलें नाहीं, असें तो मोकळेपणानें सांगतो. मग त्याला अलेक्झांड्रियाचा एक हिशेबनीस भेटला. त्यानें दाणे मोजण्याचा खटाटोप केला नाहीं. कागद घेतला आणि मापें बदलीत गेला. सोळाव्या घरांतील ३२,७६८ दाणे म्हणजे एक लहानसें माप असें त्यानें ठरविलें, आणि मग दाण्यांऐवजीं तीं मापेंच दुप्पट करीत नेलीं. चाळिसाव्या घराशीं एक कोठार भरलें. पन्नासाव्या घरांत तशीं १,०२४ कोठारें झालीं; इतक्या कोठारांचें एक नगर मानूं, असें तो म्हणाला. त्या हिशेबानें चौसष्टाव्या घरांत १६,३८४ नगरें आलीं. आणि इतकीं नगरें तरी पृथ्वीवर कोठें आहेत? काजीसाहेबांचा संशय तेथें फिटला. दाणा, माप, कोठार, नगर अशा पायऱ्या बांधल्या म्हणजे अफाट संख्येलाहि चढून जातां येतें, हें त्या हिशेबनिसाला पक्कें ठाऊक होतें.

त्याच्याहि आधीं, इसवी सन १००० च्या सुमारास, अल्-बेरूनीनें आपल्या कालगणनेवरील ग्रंथांत हें गणित दिलें आहे. पुढें हिंदुस्थानावर अमूल्य ग्रंथ लिहिणारा अल्-बेरूनी तो हाच. त्याची रीत अशी: कोणत्याहि घरांतील संख्येचा वर्ग केला, कीं पहिल्या घरापासून तें घर जितकें दूर असेल तितक्याच अंतरावर पुढें असणाऱ्या घराची संख्या मिळते. पांचव्या घरांत १६ आहेत. त्यांचा वर्ग २५६, तो नवव्या घरांत सांपडतो. नवव्याचा वर्ग ६५,५३६, तो सतराव्यांत. सतराव्याचा वर्ग ४,२९,४९,६७,२९६, तो तेहतिसाव्यांत. आणखी एकदां वर्ग केला, कीं आपण पासष्टाव्या घरांत पोंचतों. हें घर पटावर नाहींच, पण गणिताला त्याची अडचण नाहीं. त्यांतून एक वजा केला, कीं सर्व चौसष्ट घरांची बेरीज हातीं येते.

हा एक वजा कशासाठीं, असें कोणी विचारील. पटाबाहेरचा एक दाणा उसना घेऊन पहिल्या घरांतील दाण्यांत मिळवा. दोन झाले. ते दुसऱ्या घरांतील दोहोंत मिळवा, चार झाले. ते तिसऱ्यांतील चारांत मिळवा, आठ झाले. अशा रीतीनें प्रत्येक घर आपल्या पुढच्या घराइतकें होत जातें आणि शेवटीं पासष्टाव्या घराची संख्या उभी राहते. मग उसना दाणा परत करावयाचा. या युक्तींत एकहि घर मोजावें लागत नाहीं, आणि तरी तिच्यांत तिळमात्र संशयाला जागा नाहीं. भाच्याच्या प्रश्नाचें पहिलें उत्तर हें आहे.

युरोपांतहि हें गणित गेलें. पिसा येथील लिओनार्दोनें १२०२ मध्यें लिहिलेल्या आपल्या हिशेबाच्या ग्रंथांत पटाचें दुप्पटीकरण सोडविलें आहे; आणि महाकवि डांटेला स्वर्गांतील तेजःकणांची अगणितता सांगावयाची होती, तेव्हां त्यानें उपमा शोधली ती बुद्धिबळाच्या पटावरील या दुपटीचीच.

परंतु वर्ग करीत करीत मोठा घात गांठण्याची जी रीत अल्-बेरूनीनें वापरली, तिचें मूळ आपल्या छंदःशास्त्रांत फार पूर्वीं सांपडतें. पद्याचें प्रत्येक अक्षर लघु किंवा गुरु असतें. एका अक्षराचे दोन प्रकार, दोहोंचे चार, तिहींचे आठ. म्हणजे अक्षर वाढलें कीं प्रकार दुप्पट होतात. सहा अक्षरांच्या चरणाचे बरोबर चौसष्ट प्रकार होतात, जितकीं पटाचीं घरें तितकेच. अनुष्टुभाचीं चारी चरणांचीं बत्तीस अक्षरें अगदीं स्वैरपणें लघु-गुरु मांडावयाचीं ठरविलीं, तर पटाच्या तेहतिसाव्या घराची संख्या येते. पिंगलाचार्यांनीं आपल्या सूत्रांत अशा प्रकारांची संख्या काढण्याची जी रीत दिली ती अशी: अक्षरांची संख्या सम असेल तर निम्मी करा व तशी खूण करा, विषम असेल तर एक कमी करा व शून्याची खूण करा, मग खुणांच्या शेवटापासून मागें येत शून्याशीं दुप्पट आणि निमपटीशीं वर्ग करीत जा. चौसष्टासाठीं फक्त सहा वेळां वर्ग करावा लागतो.

भास्कराचार्यांनीं हीच रीत श्रेढीच्या गणितास लावली. ज्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठीं त्यांचा नातू चांगदेव यानें खानदेशांत चाळीसगांवाजवळ पाटण येथें मठ स्थापन केला आणि १२०७ चा शिलालेख आजहि त्याची साक्ष देतो, ते हेच भास्कराचार्य. ११५० मधील लीलावतींत त्यांचें एक उदाहरण आहे. कोणी दात्यानें याचकाला पहिल्या दिवशीं दोन कवड्या दिल्या आणि रोज दुप्पट करीत गेला, तर एका महिन्यांत त्यानें किती निष्क दिले? उत्तर येतें २,१४,७४,८३,६४६ कवड्या. म्हणजे १,०४,८५७ निष्क, ९ द्रम्म, ९ पण, २ काकिणी आणि ६ कवड्या. महिना संपल्यावर त्या दात्याची काय अवस्था झाली असेल, हें आचार्यांनीं सांगितलेलें नाहीं. मात्र या उत्तरांत आणखी एक कवडी मिळवा: २,१४,७४,८३,६४७. एक व स्वतः यांखेरीज दुसऱ्या कशानेंहि निःशेष भागली न जाणारी, म्हणजे मूळ संख्या ती हीच, असें १७७२ मध्यें ऑयलर यानें दाखवून दिलें.

आतां ऑयलरचें नांव आलेंच आहे, तर आपल्या संख्येच्या पोटांत शिरूं. तिचा शेवटचा अंक पांच, म्हणून ती पांचानें भागली जाणार हें शाळेंतला मुलगाहि सांगेल. अंकांची बेरीज केली तर ८७ येते, म्हणून तिनानेंहि भागली जाते. पण पुढें काय? वीस अंकी संख्येचे अवयव पाडणें हें एरवीं अत्यंत कष्टाचें काम. परंतु येथें एक सोय आहे. कोणत्याहि संख्येच्या वर्गांतून एक वजा केला, तर जें उरतें तें त्या संख्येहून एकानें मोठी आणि एकानें लहान अशा दोन संख्यांचा गुणाकार असतें. आठाचा वर्ग चौसष्ट. एक वजा केला, त्रेसष्ट. आणि त्रेसष्ट म्हणजे नऊ साते. आपली संख्याहि वर्गांतून एक वजा करून झालेली आहे, म्हणून तिचे असे दोन भाग पडतात. त्यांतला लहान भाग पुनः एका वर्गांतून एक वजा करून झालेला. त्याचेहि दोन भाग पडतात. असे सहा वेळां भाग पाडीत गेलें, कीं संख्येचे सहा अवयव समोर मांडले जातात: ३, ५, १७, २५७, ६५,५३७ आणि ४,२९,४९,६७,२९७. या सहांचा गुणाकार म्हणजेच राजाचें ऋण. चौसष्ट ही स्वतःच दुप्पट होत झालेली संख्या आहे, म्हणून हें इतकें सरळ जमलें. पटाला शंभर घरें असतीं तर असें सुबक विभाजन झालें नसतें.

आतां या सहा अवयवांकडे नीट पाहा. पहिले पांच मूळ आहेत. मग सहावाहि मूळच असेल, असें आपणांस वाटतें कीं नाहीं? अगदीं तसेंच सतराव्या शतकांत प्येर द फर्मा यालाहि वाटलें. फर्मा हा फ्रान्समधील तुलूझ येथील न्यायाधिकारी. गणित हा त्याचा फावल्या वेळचा छंद. पण त्या छंदांतून संख्याशास्त्राचा पाया घातला गेला. १६४० मध्यें त्यानें आपल्या मित्रांस कळविलें, कीं दोनापासून लागोपाठ वर्ग करीत जावें आणि प्रत्येक वेळीं एक मिळवावा. येणारी प्रत्येक संख्या मूळच असते. पूर्ण सिद्धता आपल्याजवळ नाहीं हें त्यानें त्या वेळीं मान्य केलें होतें, परंतु त्याचा विश्वास मात्र दृढ होता. पांच उदाहरणें पुढें उभीं होतीं, आणि पांचांनींहि त्याचीच साक्ष दिली होती.

जवळजवळ नव्वद वर्षें हें विधान तसेंच राहिलें. १७२९ च्या डिसेंबरमध्यें गोल्डबाख या विद्वानानें सेंट पीटर्सबर्ग येथील बावीस वर्षांच्या ऑयलरला पत्र लिहिलें आणि ताज्या कलमांत सहज विचारलें, कीं फर्माचें हें मत तुम्हांस ठाऊक आहे काय? ऑयलरनें आरंभीं फारसें लक्ष दिलें नाहीं; पण प्रश्न मनांत घोळूं लागला. १७३२ मध्यें त्यानें उत्तर दिलें: सहावी संख्या मूळ नाहीं, तिला ६४१ नें भाग जातो आणि भागाकार ६७,००,४१७ येतो. श्रोत्यांनीं कागद घेतला असेल तर हा गुणाकार करून पाहावा. पांच मिनिटांचेंहि काम नाहीं. नव्वद वर्षें टिकलेला एक थोर अंदाज तिसरीच्या मुलाला येणाऱ्या गुणाकारानें कोसळला.

६४१ हा आंकडा ऑयलरला कोठून मिळाला? त्यानें पुढें असें सिद्ध केलें, कीं या सहाव्या संख्येला भागणारी मूळ संख्या असलीच, तर ती चौसष्टाच्या कोणत्या तरी पटींत एक मिळवून झालेली असली पाहिजे. पुनः चौसष्टच! चौसष्टाच्या पाढ्यांत एक एक मिळवीत जा आणि त्यांतून मूळ नसलेल्या संख्या गाळा. उरतात त्या १९३, २५७, ४४९, ५७७ आणि ६४१. पांचव्या प्रयत्नालाच भागाकार निःशेष होतो. खेदाची गोष्ट अशी, कीं ज्या नियमावरून हें निघतें तो नियम स्वतः फर्मानेंच त्याच १६४० सालीं मित्रांना कळविला होता. दार उघडावयाची किल्ली त्याच्या खिशांत होती. त्यानें दारच उघडून पाहिलें नाहीं.

म्हणून आपल्या संख्येचे मूळ अवयव सहा नसून सात झाले: ३, ५, १७, २५७, ६४१, ६५,५३७ आणि ६७,००,४१७. सातहि निरनिराळे, एकहि दोनदां येत नाहीं. यावरून या संख्येला एकंदर १२८ संख्यांनीं निःशेष भाग जातो. पहिल्या ओळीच्या शेवटच्या घरांत जितके दाणे, तितकेच तिचे भाजक.

फर्माच्या या पांच मूळ संख्यांना मात्र पुढें अनपेक्षित मान मिळाला. केवळ पट्टी व कंपास घेऊन कोणकोणत्या समभुज व समकोण आकृती काढतां येतात, हा ग्रीकांचा जुना प्रश्न. तीन, पांच व पंधरा बाजूंच्या आकृती युक्लिडनें काढून दाखविल्या. त्यानंतर सुमारें दोन हजार वर्षें बाजूंच्या विषम संख्यांत एकहि नवी भर पडली नाहीं. ३० मार्च १७९६ रोजीं, वयाचें एकोणिसावें वर्षहि पुरें न झालेल्या गाउस याला उमगलें, कीं सतरा बाजूंची आकृति काढतां येते. १८०१ मध्यें त्यानें आपल्या ग्रंथांत सर्व नियम मांडला आणि १८३७ मध्यें वांत्सेल यानें त्याची उरलेली बाजू सिद्ध केली. बाजूंची संख्या विषम असेल, तर ती फर्माच्या मूळ संख्यांपैकीं एखादी किंवा निरनिराळ्या तशा संख्यांचा गुणाकार असली पाहिजे, असा तो नियम. पांचांतून असे एकंदर ३१ गट होतात. पांचहि एकत्र गुणले, तर सर्वांत मोठी ज्ञात आकृति ४,२९,४९,६७,२९५ बाजूंची येते. आणि ही संख्या कोणती? पटाच्या पहिल्या चार ओळींतील, म्हणजे अर्ध्या पटावरील सर्व दाण्यांची बेरीज ती हीच!

अर्ध्या पटापर्यंत फर्माचा शब्द खरा ठरतो. पटाची मध्यरेषा ओलांडतांना जी संख्या गुणावी लागते, तीच ऑयलरनें मोडलेली संख्या. त्यापुढें काय, हा शोध आजतागायत चालू आहे. या सहाव्या संख्येसह लागोपाठच्या अठ्ठावीस संख्या मूळ नाहींत असें ठरून चुकलें आहे. फर्माच्या जातीची सहावी मूळ संख्या आजवर कोणाला सांपडलेली नाहीं. आणि ती नाहींच, असेंहि कोणी सिद्ध केलेलें नाहीं. या संख्यांच्या मागें लागून माणसांनीं आयुष्यें वेंचलीं आहेत. हेर्मेस नांवाच्या जर्मन गणितज्ञानें ६५,५३७ बाजूंच्या आकृतीची रीत लिहून काढण्यांत दहा वर्षें घालविलीं आणि १८९४ मध्यें तें काम पुरें केलें.

आपल्या संख्येच्या शेजारणीहि पाहण्याजोग्या आहेत. तिच्यांत एक मिळविला, तर नुसते दोन चौसष्ट वेळां गुणून झालेली संख्या येते; तिच्यांत दोहोंखेरीज दुसरें कांहींच नाहीं. आणखी एक मिळविला, कीं फर्माच्या मालिकेंतील सातवी संख्या येते. तिचे अवयव १८८० मध्यें लँड्री या फ्रेंच गृहस्थानें ऐंशी वर्षांची वयोमर्यादा ओलांडल्यावर शोधून काढले: २,७४,१७७ आणि ६,७२,८०,४२,१३,१०,७२१. तीन संख्या अगदीं खांद्याला खांदा लावून उभ्या. पण एकीचे सात मूळ अवयव, दुसरीचा एकच पुनः पुनः आलेला, आणि तिसरीचे अवघे दोन.

याच काळांत ही संख्या पुनः एकदां हिंदुस्थानच्या नांवानें जगापुढें आली. १८८३ मध्यें एद्वार ल्युका या फ्रेंच गणितज्ञानें एक खेळणें काढलें: तीन खुंट्या, एका खुंटीवर खालीं मोठी व वर लहान अशा रचलेल्या चकत्या. एका वेळीं एकच चकती हलवावयाची आणि लहान चकतीवर मोठी ठेवावयाची नाहीं, एवढे दोन नियम पाळून सर्व चकत्या दुसऱ्या खुंटीवर न्यावयाच्या. ल्युकानें आपल्या नांवाचीं अक्षरें उलटसुलट करून सयामच्या एका कल्पित पंडिताच्या नांवावर तें खेळणें विकलें. पुढच्याच वर्षीं पारव्हिल या लेखकानें त्याला कथा जोडली, कीं काशीच्या महान् मंदिरांत हिऱ्याच्या तीन सुयांवर सोन्याच्या चौसष्ट चकत्या असून पुजारी त्या रात्रंदिवस हलवीत आहेत, आणि काम संपतांच जगाचा अंत होईल. काशीला असें मंदिर नाहीं. कथा पॅरिसची आहे. गणित मात्र सच्चें आहे. चौसष्ट चकत्या हलविण्यासाठीं लागणाऱ्या चालींची संख्या आपल्या संख्येइतकीच भरते. दर सेकंदास एक चाल धरली, तरी सुमारें ५८,४५४ कोटी वर्षें लागतील. आपल्या पुराणांचा कल्प, म्हणजे ब्रह्मदेवाचा एक दिवस, ४३२ कोटी वर्षांचा. तेव्हां ब्रह्मदेवाचे एकशें पस्तीस दिवस उलटले तरी पुजाऱ्यांच्या हातांतलें काम उरेलच.

आणि ही संख्या आज केवळ गोष्टींतली राहिलेली नाहीं. आजचीं गणक यंत्रें सर्व आंकडे एक आणि शून्य या दोनच खुणांनीं लिहितात. पिंगलाचार्यांच्या लघु-गुरूंसारखाच तो प्रकार. अशा चौसष्ट खुणांच्या एका खणांत मावणारी सर्वांत मोठी पूर्ण संख्या म्हणजे पटावरची आपली संख्या. जुन्या यंत्रांतील खण बत्तीस खुणांचे होते. त्यांतली एक खूण अधिक-उण्याकरितां खर्च होई, आणि जी सर्वांत मोठी संख्या मावे ती भास्कराचार्यांच्या कवड्यांहून बरोबर एकानें जास्त. १९७० च्या आरंभापासून सेकंद मोजणारीं अशीं घड्याळें १९ जानेवारी २०३८ रोजीं त्या संख्येशीं येऊन भरतील. त्यापूर्वीं तीं बदलण्याचें काम आज जगभर चालू आहे. दात्याच्या महिनाभराच्या दानाचा हिशेब असा कोठल्या कोठें येऊन भिडला!

आतां भाच्याच्या प्रश्नाकडे वळून हें भाषण संपवितों. चौसष्ट घरें कोणींहि मोजलेलीं नाहींत आणि कधीं मोजलीं जाणारहि नाहींत. तरी उसन्या दाण्याची युक्ति ज्याला समजली, त्याला मोजण्याची गरज उरत नाहीं. कारण एका घरावरून पुढच्या घरावर जाण्याचा मार्ग त्यानें स्वतः तपासलेला असतो. याच्या उलट फर्मानें पांच घरें तपासलीं, पण एका घरावरून दुसऱ्या घरावर नेणारा मार्ग तपासला नाहीं. आणि सहाव्या घरांत त्याची फसगत झाली. पांचदां खरें ठरलें म्हणून सहाव्यांदा खरें ठरेलच, असें व्यवहारांत आपण रोज धरून चालतों. संख्यांच्या राज्यांत तेवढ्यावर निर्णय लागत नाहीं. तेथें फर्मासारख्यालाहि एखादा ६४१ वाट अडवून उभा असतो.

परवां भाच्याचें पत्र आलें. त्यानें ६४१ आणि ६७,००,४१७ यांचा गुणाकार स्वतः करून पाठविला आहे. त्यांत एका ठिकाणीं हातचा चुकला होता; त्यानेंच तो खोडून दुरुस्त केला आहे. उत्तर बरोबर आलें आहे.